सुपरहिरो कॉमिकच्या मुखपृष्ठाचं विडंबन कसं काढायचं

विडंबन काढायला बसलेला नवखा चित्रकार बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच नायकाला ढेरी काढतो, नाक मोठं करतो, केपला ठिगळ लावतो. चित्र गमतीदार होतं, पण ते कुठल्याही नायकाच्या कुठल्याही चित्राला लागू पडतं. मुखपृष्ठाचं विडंबन करायचं तर एका ठरावीक मुखपृष्ठाकडे इतकं बारकाईनं पाहावं लागतं, की त्यात आधीपासूनच दडलेली एखादी विसंगती हाती यावी. मग तेवढी एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं मूळ चित्रकारानं ज्या तळमळीनं काढलं, त्याच तळमळीनं काढायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

माणसाची आकृती बऱ्यापैकी प्रमाणात काढता येत असेल आणि खोडरबर वापरायचा कंटाळा नसेल, तर तेवढ्या तयारीवर हे काम सुरू करता येतं.

कोणतं मुखपृष्ठ घ्यावं

वाचकाला मूळ चित्र आठवलंच नाही, तर विडंबन हवेत विरतं. म्हणून पहिली कसोटी ओळखीची. मनात असलेलं मुखपृष्ठ मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करा, रंग काढून टाका, डोळे किलकिले करून पाहा. नुसत्या काळ्या-पांढऱ्या आकारांवरूनही ते ओळखू येत असेल, तर ते घ्या.

या कसोटीला उतरणारी काही चित्रं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. जून १९३८ ही तारीख असलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक: जो शूस्टर यांनी काढलेला सुपरमॅन हिरवी मोटार डोक्यावर उचलून आपटतो आहे आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक माणूस डोकं धरून पळतो आहे. ऑगस्ट १९६२चा ‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक १५: स्पायडरमॅन एका हातानं जाळ्याच्या दोरीला लटकत झोके घेतो आहे, दुसऱ्या काखेत एक गुंड. जानेवारी १९८१चा ‘एक्स-मेन’ क्रमांक १४१: भिंतीवरच्या फरारी लोकांच्या पोस्टरसमोर दोघं प्रकाशझोतात सापडली आहेत. १९८५च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या सातव्या अंकावर जॉर्ज पेरेझ यांनी काढलेला, सुपरगर्लचा देह हातांवर घेऊन आक्रोश करणारा सुपरमॅन.

ही चित्रं ओळखू येतात ती शरीरांच्या ठेवणीवरून. चेहरे पुसले, पोशाख बदलले, तरी ओळख टिकते. विडंबनाला नेमकं हेच हवं असतं, कारण आपण चेहरे आणि पोशाख बदलणारच आहोत.

सुरुवातीला दोन किंवा तीन आकृत्या, एकच कृती आणि मोजकी पार्श्वभूमी असलेलं मुखपृष्ठ निवडा. पंचवीस नायकांची गर्दी असलेली मुखपृष्ठं मोहात पाडतात, पण त्यांत नजर कुठे थांबवायची हे ठरवणं अनुभवी हातालाही जड जातं.

एक सावधगिरीही सांगायला हवी. मार्च १९४१ ही तारीख असलेल्या ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. ते घडवणारे जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघंही ज्यू होते आणि तो ठोसा त्यांनी मनापासून मारला होता. हिटलरच्या जागी एखादा खडूस साहेब किंवा नावडता खेळाडू बसवला, की त्या चित्राचं वजन जातं आणि बदल्यात फारसं काही मिळत नाही. पहिल्या प्रयत्नाला हे मुखपृष्ठ घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी चित्र वाचा

निवडलेल्या मुखपृष्ठावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि तपशील सोडून फक्त मोठे आकार काढा. डोकं म्हणजे गोल, धड म्हणजे ठोकळा, मोटार म्हणजे कलता चौकोन. मग तीन गोष्टी शोधा. सगळ्यात जड आकार कुठे आहे? शरीरं कोणत्या दिशेनं झुकली आहेत? आणि चित्रातली माणसं कुणाकडे पाहताहेत? हाता-पायांच्या आणि नजरांच्या दिशेनं बाण काढा. बहुतेक जुन्या मुखपृष्ठांत हे बाण एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ते ठिकाण जपून ठेवा, आपला विनोद तिथेच बसणार आहे.

हा ट्रेसिंग पेपर अभ्यासापुरता. अंतिम चित्र त्यावरून गिरवायचं नाही. गिरवलेली रेषा कुठे जोर द्यायचा हे विसरलेली असते. चित्र मूळासारखं दिसतं, पण त्यात जीव राहत नाही.

आता मुखपृष्ठावर जे जे दिसतं त्याची यादी लिहा. खरोखर लिहा, मनात मोजू नका. लोगो, क्रमांक, किंमत, संवादांचे फुगे, कोपऱ्यातल्या खुणा, मागच्या इमारती, कोण काय धरून आहे, कोण काय बोलतं आहे. यादी झाली की प्रत्येक ओळीला लहान मुलाच्या भाबडेपणानं प्रश्न विचारा: हे का? हे कुणाचं? यानंतर काय होईल?

‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक १५ घेऊन हे करून पाहू. हे मुखपृष्ठ आधी स्टीव्ह डिटको यांनी काढलं होतं. ते बाजूला ठेवून जॅक कर्बी यांच्याकडून पेन्सिलनं नवं काढून घेतलं गेलं आणि त्या रेषांवर शाई मात्र डिटको यांनीच केली. चित्रात झोका आहे, काखेत गुंड आहे, मागे उंच इमारती आहेत. आता फुगे वाचा. नायक मोठ्या अभिमानानं सांगतो आहे, की जग पीटर पार्कर नावाच्या बुजऱ्या मुलाला हसत असलं, तरी लवकरच ते स्पायडरमॅनचा पराक्रम पाहून थक्क होईल. चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा त्यानं घातला आहे. गुपित जपण्यासाठीच तो घातला आहे. आणि काखेत पकडलेल्या गुंडाच्या कानाशी तो स्वतःचं खरं नाव सांगतो आहे.

ही विसंगती कुणी बाहेरून आणलेली नाही, ती १९६२पासून चित्रात आहे. अशी जागा सापडली की अर्धं विडंबन झालं.

एकच गोष्ट बदला

आता सुचतील तेवढ्या कल्पना एकेका वाक्यात लिहून काढा. वाक्य दोन ओळींवर गेलं, तर कल्पना बहुधा मुखपृष्ठावर मावणार नाही. पहिल्या तीन-चार कल्पना सगळ्यांनाच सुचतात: नायक म्हातारा, नायक लठ्ठ, नायक मोबाइलवर. त्या लिहून मोकळे व्हा आणि पुढे चला.

अडलात तर काही वाटा आहेत. कृती तीच ठेवून कारण बदलता येतं. एखाद्या दुय्यम माणसाची भावना बदलता येते. मूळ क्षणाच्या दहा सेकंदांनंतरचा क्षण दाखवता येतो. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या मुखपृष्ठावर डोकं धरून पळणारा तो माणूस तसाच डोकं धरलेला ठेवा, फक्त एका हातात वाहनविम्याचा अर्ज द्या. नायक, मोटार, उडणारे तुकडे सगळं मूळासारखंच. ‘ती मोटार कुणाची होती?’ हा प्रश्न एका कागदानं उभा राहतो.

‘अमेझिंग फँटसी’साठी माझी निवड अशी: काखेतल्या गुंडाच्या हातात छोटी वही आणि पेन्सिल. नायक छाती काढून नाव सांगतो आहे, गुंड मन लावून लिहून घेतो आहे. गुंडाच्या फुग्यात एकच शब्द: ‘आडनाव?’

इथे थांबायचं. मोह होईल खिडकीतल्या बाईच्या हातातही वही देण्याचा, मागच्या फलकावर शाब्दिक कोटी करण्याचा, उडत्या कबुतराला गॉगल घालण्याचा. असा प्रत्येक जादा विनोद मुख्य विनोदाकडची नजर चोरतो. मुखपृष्ठ दोन सेकंदांत वाचलं जातं, त्या वेळात एकच विनोद पोचतो.

नायक तुमचा, मांडणी त्यांची

मूळ नायकाचंच नाव आणि पोशाख घ्यावा की आपला नायक घडवावा? मी दुसऱ्या बाजूचा आहे. कलेच्या दृष्टीनं पाहिलं तर आपला नायक घडवताना मूळ नायकाची रचना कशी चालते हे आपोआप कळतं. कायद्याच्या दृष्टीनंही ते सुरक्षित आहे. अमेरिकेत ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचे हक्क २०३४च्या सुरुवातीला संपतील, पण नावं आणि छातीवरची चिन्हं ट्रेडमार्क म्हणून वेगळी जपलेली असतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४मध्ये एका गाण्याच्या विडंबनाच्या खटल्यात म्हटलं, की व्यावसायिक विडंबनही रास्त वापरात, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापर करण्याच्या कायदेशीर मुभेत, बसू शकतं. विडंबनानं मूळ कृतीवरच भाष्य करायला हवं, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे चित्र विकणार असाल तर जाणकाराला विचारा. पण ‘मूळ कृतीवरच भाष्य’ ही अट मला चित्रकलेचा नियम म्हणूनही पटते.

आपल्या उदाहरणासाठी नायक घेऊ ‘पालवीर’. भिंतीवर चालतो, शेपटानं लटकतो. मूळ चित्रात वर जाणारी जाळ्याची दोरी आहे, इथे त्याच कोनात वर गेलेलं आणि कठड्याला विळखा घातलेलं लांब शेपूट. मांडणी तशीच राहिली, ओळख टिकली. पालीचं शेपूट तुटतं हे लगेच आठवेल आणि हात शिवशिवतील. तो विनोद छान आहे, पण दुसरा आहे. पुढच्या मुखपृष्ठासाठी ठेवा.

कागद आणि छोटे आराखडे

आजच्या कॉमिकचं छापील पान साधारण १७ × २६ सेंमी असतं. चित्र त्याहून मोठं काढून छापताना लहान करायचं ही जुनी रीत आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकी चित्रकार जवळपास दुप्पट आकारात काढत, नंतर दीडपट रूढ झालं. लहान होताना रेषेतली थरथर झाकली जाते. ए-३ कागदावर २५.५ × ३९ सेंमीची चौकट आखा, दीडपट आकार सहज मावतो. छापून घेणार असाल तर चौकटीबाहेर सगळीकडे थोडं जास्तीचं चित्र काढा, कापताना कडेला पांढरी रेघ राहणार नाही.

मोठ्या कागदाला हात लावण्याआधी काडेपेटीएवढ्या चौकटींत आठ-दहा आराखडे काढा. यात चेहरे नकोत, फक्त आकार. वरचा जवळजवळ एक तृतीयांश भाग लोगोसाठी राखून ठेवा. विक्रीच्या रॅकमध्ये अंक एकापुढे एक लावलेले असत आणि वरचीच पट्टी दिसे, म्हणून जुन्या मुखपृष्ठांवर नाव कायम माथ्यावर असतं. ही जागा आधी राखली नाही, तर शेवटी नायकाच्या कपाळावर अक्षरं बसवायची वेळ येते.

आराखड्यातच वहीचा प्रश्न सोडवा. वही लहान वस्तू आहे, छोट्या आकारात हरवते. तिला पांढरं ठेवा आणि मागे गुंडाच्या कोटाची गडद सावली येईल अशी धरायला लावा. पांढऱ्यावर काळं किंवा काळ्यावर पांढरं असा विरोध चित्रात जिथे सर्वांत तीव्र, तिथे नजर आधी जाते.

पेन्सिलकाम

निळी पेन्सिल असेल तर तिनं सुरुवात करा, स्कॅन केल्यावर निळ्या रेषा सहज काढून टाकता येतात. मूळ मुखपृष्ठ शेजारी उभं करा आणि पाहून काढा.

सुपरहिरोची आकृती साधारण आठ डोकी उंच असते. खऱ्या माणसाची साडेसातच्या आसपास भरते. पालवीरला पूर्ण आठ डोकी द्या. रुंद खांदे, ताठ मान, क्षितिजावर नजर. तो स्वतःला हास्यास्पद समजत नाही आणि चित्रकारानंही समजू नये. गुंडाला मात्र साडेसात डोक्यांचा साधा माणूस करा.

कर्बी यांच्या आकृत्यांत वजन आणि वेग एकदम येतो, कारण जवळचा हात ते खूप मोठा आणि दूरचा पाय खूप लहान काढत. हा फरक नवख्याला अतिशयोक्त वाटतो आणि तो घाबरून मधलं माप घेतो. घाबरू नका. मूळ चित्रातल्या मुठीची लांबी पट्टीनं मोजा, डोक्याच्या लांबीशी ताडून पाहा, मग धीर येईल.

खरी मेहनत गुंडाच्या चेहऱ्यावर करा. त्याला भीती वाटत नाही, आनंदही होत नाही. तो कामात आहे. भुवया किंचित वर, डोळे वहीवर, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. पेन्सिल धरलेला हात आरशासमोर स्वतःच्या हाताचा पाहून काढा. लटकत असताना वही कशी धरली जाईल, मनगट कुठे वळेल, कोपर नायकाच्या बरगडीला टेकेल का, हे खरं वाटलं पाहिजे. अशक्य गोष्ट जितकी खरी काढाल तितकी ती हसवते.

१९५३मध्ये ‘मॅड’ या अमेरिकी विनोदी कॉमिकच्या चौथ्या अंकात हार्वी कर्ट्झमन यांनी लिहिलेलं सुपरमॅनचं विडंबन ‘सुपरड्यूपरमॅन’ आलं, तेव्हा वॉली वूड यांनी ते उत्तम साहसकथेच्या ताकदीनं रेखाटलं होतं. त्यांची प्रकाशयोजना, स्नायू, कपड्यांच्या चुण्या कुठेही ढिल्या नाहीत. एखादं पान मिळालं तर विनोद बाजूला ठेवून फक्त सावल्या पाहा.

अक्षरं: इथे वेळ द्या

बहुतेक नवखे चित्र पूर्ण करून शेवटी संगणकावरचा एखादा फाँट चिकटवतात आणि तिथेच मुखपृष्ठ बनावट वाटू लागतं. जुन्या मुखपृष्ठावरचा लोगो हे काढलेलं चित्रच असायचं. सुपरमॅनचा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असलेला लोगो १९४०मध्ये आयरा श्नॅप यांनी हातानं घडवला.

देवनागरीत असा लोगो करताना एक मोठा फायदा आहे आणि एक अडचण. फायदा शिरोरेषेचा. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना एकत्र धरायला चित्रकाराला युक्त्या कराव्या लागतात. आपल्याकडे तुळई आयतीच आहे. ती जाड ठोकळ्यासारखी काढा, अक्षरं तिला लटकू द्या. लोगोला कमान द्यायची असेल तर आधी शिरोरेषेची कमान आखा आणि अक्षरांची प्रत्येक उभी रेघ तिला काटकोनात सोडा.

अडचण अशी, की देवनागरीला तीन मजले लागतात. शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, मधे अक्षराचं अंग, खाली उकार. नाव ठरवतानाच हे पाहा. ‘पालवीर’मध्ये वर एक वेलांटी आहे आणि खाली काहीच नाही, म्हणून ते लोगोला सोयीचं आहे. वेलांटीचं टोक लांबवून शेपटासारखं वळवता येतं, आणि जुन्या लोगोंमध्ये असे अलंकार असतच, त्यामुळे हा जादा विनोद ठरत नाही. ज्या नावात वर-खाली दोन्हीकडे चिन्हं आहेत, त्याच्या मधल्या अक्षरांना उंची कमी मिळते आणि लोगो दुरून अशक्त दिसतो.

अक्षरांना खोली द्यायची रीत सोपी आहे. अक्षरांच्या खाली, चित्राच्या मध्याजवळ एक बिंदू घ्या. अक्षराच्या प्रत्येक कोपऱ्यातून त्या बिंदूकडे फिकट रेषा सोडा, थोड्या अंतरावर त्या तोडा, तुटलेली टोकं जोडा. मागची बाजू एकाच गडद रंगानं भरा. गोलाईच्या जागी, म्हणजे ‘ल’ आणि ‘व’च्या पोटात, जास्त रेषा घ्याव्या लागतात. तिथे घाई केली की अक्षर सपाट पडतं.

फुग्यांसाठी आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. उलट केलं की शेवटचे शब्द कोंबावे लागतात. इंग्रजी कॉमिकमधली अक्षरं एकाच उंचीची असल्यानं ओळी जवळजवळ बसतात. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा भिडतात, म्हणून दोन ओळींत जास्त अंतर सोडा. सुलेखनाचा तिरका बोरू इथे नको, एकसारख्या जाडीची रेष देणारं पेन घ्या. जोर द्यायचा शब्द जाड आणि किंचित तिरपा करा.

मजकुराची भाषा त्या काळची, छाती फुगवलेली हवी. पालवीरच्या तोंडी मी असं देईन: ‘ज्या बुजऱ्या सदाशिवला जग आज हसतं, त्याच सदाशिवचा पराक्रम पाहून उद्या तेच जग तोंडात बोटं घालील!’ गुंडाचा फुगा लहान, खाली, वाचनाच्या क्रमात शेवटी. वाचक वरून खाली, डावीकडून उजवीकडे येतो. ‘आडनाव?’ आधी वाचला गेला तर सगळं फसलं.

किंमत, महिना, अंक-क्रमांक या बारीक गोष्टी काळाची साक्ष देतात, त्या तपासून घ्या. १९३८च्या अंकावर १० सेंट, १९६२च्या अंकावर १२ सेंट. अमेरिकी कॉमिकवर बारकोड १९७६पासून दिसू लागला, म्हणून साठच्या दशकातल्या मुखपृष्ठाच्या विडंबनात तो नको. वरच्या बाजूला तिकिटासारखा छोटा शिक्का दिसतो, तो १९५४मध्ये सुरू झालेल्या कॉमिक्स कोडचा, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आशयाच्या नियमावलीचा. १९३८च्या चित्रावर तो चुकूनही काढू नका. आपल्या चित्रात त्याच आकाराचा, पण आपल्या मजकुराचा शिक्का ठेवा.

शाई

निब असलेला टाक किंवा बारीक टोकाचा गोल ब्रश, आणि पाण्यानं न पसरणारी काळी शाई. ब्रशची सवय नसेल तर ब्रश पेन चालेल. जवळच्या वस्तूची आणि सावलीकडची रेष जाड, दूरची आणि उजेडाकडची बारीक, हा एक नियम पाळला तरी चित्र उठून दिसतं.

रेषांच्या आधी काळे भाग ठरवा. पेन्सिलच्या चित्राची झेरॉक्स काढून तिच्यावर जाड मार्करनं काळे भाग भरून पाहा. चित्राच्या एकाच बाजूला सगळं काळं जमत असेल तर तोल बिघडतो. मूळ मुखपृष्ठावर कुणाचा हात होता तेही पाहा. शूस्टर यांची रेष साधी आणि मोकळी आहे, डिटको यांची बारीक आणि नसांसारखी ताणलेली. १९६२च्या विडंबनावर आजची गुळगुळीत, एकसारखी डिजिटल रेष आली, तर मांडणी ओळखीची असूनही चित्र परकं वाटतं. चुका पांढऱ्या पोस्टर कलरनं झाका, जुन्या मूळ चित्रांवरही असे पांढरे डाग दिसतात.

रंग

रेखाचित्र ६०० डीपीआयला स्कॅन करा. रंगवायला क्रिटा, जिम्प, फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ पेंट यांपैकी कोणतंही सॉफ्टवेअर चालेल. रेषांचा थर सगळ्यात वर, त्याला मल्टिप्लाय मोड (यात कागदाचा पांढरा भाग पारदर्शक होतो), खाली रंगांचा थर.

जुन्या कॉमिकमध्ये निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन शाया प्रत्येकी चार पातळ्यांवर वापरत: शून्य, २५, ५० आणि १०० टक्के. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ रंग. आपल्या विडंबनालाही हीच शिस्त लावा. एकमेकांत विरघळणाऱ्या छटा, चमक, धूसर कडा काही नको, सपाट रंग भरा. बंधन घातलं की निवड विचारपूर्वक होते. नायकाला तांबडा, निळा, पिवळा आणि खलांना हिरवा, जांभळा हा त्या काळचा साधारण संकेत. पालवीर हिरवा असणं साहजिक वाटेल, पण तो खलनायक दिसेल. मी त्याला पिवळा अंगरखा आणि तांबडे मोजे देईन, हिरवा गुंडाच्या कोटाला.

ठिपक्यांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. जुनेपणा आणायचा म्हणून लोक मुखपृष्ठभर मटारच्या दाण्याएवढे ठिपके पसरतात. मुखपृष्ठ आतल्या पानांपेक्षा चांगल्या, गुळगुळीत कागदावर छापलं जाई, तिथे ठिपके डोळ्यांत भरत नसत. अगदी बारीक ठेवा, आणि फक्त फिकट छटांमध्ये, कारण १०० टक्के शाईत ठिपके नसतातच. किरमिजी थर किंचित बाजूला सरकवला, की छपाईत ठसे न जुळल्याचा भास होतो. कागदाला किंचित पिवळट झाक द्या. सुरकुत्या, चहाचे डाग, फाटके कोपरे यांची गरज नाही.

दोघांना दाखवा, मग सही करा

पूर्ण झालेलं चित्र दोन माणसांना दाखवा: एकाला मूळ मुखपृष्ठ ठाऊक असावं, दुसऱ्याला नसावं. पहिल्यानं दोन सेकंदांत ‘अरे, हे तर ते!’ म्हणायला हवं. तो अडखळला तर मांडणीत काहीतरी सुटलं आहे. ट्रेसिंग पेपर समोर घेऊन त्यावरचे ते बाण पुन्हा ताडून पाहा. दुसऱ्याला संदर्भ कळणार नाही, पण कुणीतरी स्वतःचं गुपित ओरडून सांगतं आहे आणि ऐकणारा लिहून घेतो आहे, एवढं त्यालाही कळायला हवं. तुम्ही शेजारी उभं राहून काहीही समजावू नका. त्याची नजर आधी कुठे जाते तेवढं पाहा. ती लोगोवरून थेट वहीवर गेली आणि नायकाचा फुगा नंतर वाचला गेला, तर तो फुगा वर सरकवा किंवा वहीमागची सावली थोडी हलकी करा.

आपल्या सहीसोबत मूळ चित्रकाराचं नाव द्यायची कॉमिकच्या जगात चांगली प्रथा आहे. आपल्या सहीखाली लहान अक्षरांत ‘जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको यांच्यावरून’ असं लिहा. शाई वेगळ्या चित्रकारानं केली असेल तर त्याचंही नाव हवं, मूळ अंकाची माहिती काढून नक्की करा. ही ओळ चित्राच्या आतच, खालच्या कोपऱ्यात ठेवा. बाहेरच्या समासात लिहिली तर चित्र कापलं जाऊन पुढे फिरताना तीच आधी गळते.